विंकवर्टच्या संडासातला सप्टेंबर

मी कॅलेंडर बोलतोय. हसू नका, पण संडासातून बोलतोय.

समुद्राकाठच्या आमच्या फ्रीसलंड प्रांतात वाढदिवसांच्या कॅलेंडरची जागा ठरलेली असते: संडासात, बसणाऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोर. माणूस दिवसातून दोन-चारदा तिथे येतोच, आणि बसल्यावर त्याला वाचायला दुसरं काही नसतं. माझ्यात वार नाहीत, सालही नाही. फक्त महिने, तारखा आणि तारखांपुढे नावं. त्यामुळे वर्ष संपलं म्हणून मला कोणी फेकत नाही. एकतीस वर्षं मी एकाच खिळ्यावर आहे, आणि तो खिळा तेव्हापासून वाकडाच आहे.

माझा जन्म लेउवार्डन शहरातल्या एका छापखान्यातला. गुरांचं खाद्य विकणाऱ्या दुकानाने गिऱ्हाइकांना वाटायला आम्ही पाचशे भावंडं छापून घेतली. बारा महिने आणि बारा गायी असा बेत होता. अकरा गायी सुरळीत झाल्या, पण बारावीने फोटोवाल्याला कुंपणाबाहेर पिटाळलं. मग त्याने ऑक्टोबरसाठी शेजारच्या कुरणातली शेळी टिपली आणि घरी गेला. खाली नाव मात्र गायीचंच छापलं गेलं. दर ऑक्टोबरात कोणी ना कोणी आतून ओरडतं, "अहो, ही तर शेळी आहे!" जसं काही मला ठाऊकच नाही.

मी आलो विंकवर्ट गावातल्या जनावरांच्या हॉस्पिटलात. हे पूर्वी लोहाराचं दुकान होतं. लोहार वारला, जागा त्याच्या मुलीकडे, आंत्येकडे आली, आणि आंत्येने लग्न केलं गुरांच्या डॉक्टरशी, म्हणजे डाउवेशी. त्याने भट्टीच्या जागी ऑपरेशनचं टेबल ठेवलं. संडास मात्र लोहाराच्या वेळचाच राहिला. बसलं की गुडघे दाराला टेकतात, आणि हात धुवायचं भांडं एवढंसं की दोन हात एकदम मावत नाहीत. नळाला फक्त गार पाणी. दाराखाली चार बोटं फट आहे, म्हणून बाहेरचं सगळं मला ऐकू येतं. आतलं जे ऐकू येतं त्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझं तोंड शिवलेलं आहे. तोंडच नव्हे, बाकीचंही शिवलेलं आहे, पण ते पुढे सांगतो.

हॉस्पिटलात इंजेक्शन डाउवेच्या हातात आणि बाकी सगळं आंत्येच्या. टेलिफोन, किल्ल्या, कॉफीचा डबा, वेळापत्रक, आणि मी. नाव लिहायचं तर तिनेच, शाईने. महिना सरला की पान उलटायचं तेही तिनेच. हा नियम ती कधी बोलली नव्हती, पण एकदा लस विकायला आलेल्या एका माणसाने बसल्या बसल्या माझं पान उलटलं. त्या दिवशी एकतीस तारीख होती. पुढे दोन वर्षं आंत्येने त्याच्याकडून लस घेतली नाही. गावाला नियम कळला.

तर अशा ठिकाणी मिंके आली. नुकती डॉक्टर झालेली, सव्वीस वर्षांची, लांबच्या लांब हातांची पोरगी. पहिल्याच दिवशी आत आली, कडी लावली आणि बसायच्या आधी माझ्यातली सगळी नावं मोठ्याने वाचायला लागली. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत! पानं उचलून बघितली, उलटली नाहीत. बाहेर डाउवे ताटकळत होता.

"काय गं, बरी आहेस ना?" त्याने दारावर टकटक केली.

"पाठ करतेय, डॉक्टर!"

त्या दिवसापासून मला ती आवडली. माझ्याकडे येऊन लोक एकच नाव शोधतात, बहुतेक वेळा स्वतःचं.

पहिलं वर्ष तिचं ओलं गेलं. आमच्याकडे एका कुरणातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये पाण्याचे चर असतात, आणि जुने लोक लांब काठी रोवून त्यावरून उडी मारतात. पूल असतो, पण तो नेहमी दुसऱ्या टोकाला. यॉरित नावाच्या शेतकऱ्याची गाय अडली होती. मिंकेने गडबडीत त्याची काठी घेतली, रोवली, झेपावली, आणि चराच्या बरोबर मधोमध काठीला मिठी मारून उभी राहिली. मग काठी हळूहळू वाकली. त्याच ओल्या कपड्यांत तिने वासराचे पाय सरळ केले आणि त्याला जिवंत बाहेर काढलं. संध्याकाळी यॉरित माझ्यासमोर बसून एकटाच खिदळत होता. बाहेर येऊन तो डाउवेला म्हणाला, "पोरगी ठीक आहे. पोहायलाही येतं." यॉरितने माणसाची एवढी स्तुती केलेली मी दुसऱ्यांदा ऐकली. पहिली त्याने स्वतःच्या बैलाची केली होती, म्हणजे खरं तर पहिल्यांदाच.

पुढे मिंकेने गावातलं काय काय बरं केलं, विचारू नका. लग्नाची अंगठी गिळलेला हंस. दाढदुखीने चावरा झालेला टपालखात्याचा कुत्रा. पाद्रीबाईंचं कासव, जे मेलं म्हणून पुरायला आणलं होतं आणि फक्त झोपलं होतं. हॉस्पिटलाच्या पायरीवर एक कानतुटका बोका येऊन बसला, त्याचा कान तिने शिवला. तो परत गेलाच नाही. तो सगळ्यांच्या खुर्चीत बसतो आणि काम काही करत नाही, म्हणून त्याचं नाव मेयर ठेवलं.

तिसऱ्या वर्षी आंत्येने मिंकेचं नाव मे महिन्यात लिहिलं, पेन्सिलने. पाचव्या वर्षी त्यावरून शाई फिरवली. मिंकेने आत येऊन ते पाहिलं आणि माझ्यासमोर रडली. मला कागद ओला झालेला चालत नाही, पण त्या दिवशी मी काही म्हटलं नाही.

सातव्या वर्षी डाउवेचे गुडघे गेले. गायीमागे वाकला की उठताना गायीलाच धरावं लागे, आणि गायींना ते पसंत नव्हतं. आता हॉस्पिटल कोणाला द्यायचं?

मिंकेला ते हवं होतं, जिवापाड हवं होतं. मला कसं कळलं? अहो, ती रोज माझ्यासमोर भाषण करायची. "आंत्येबाई, मला तुमच्याशी एका विषयावर बोलायचंय." मग थांबायची. "नको, विषय नको. आंत्येबाई, दोन मिनिटं आहेत का?" परत थांबायची. शेवटी पाण्याची साखळी ओढायची आणि बाहेर जाऊन विचारायची, "आंत्येबाई, कॉफी टाकू का?"

नेमकं हेच आंत्येला खुपत होतं. एकदा दाराबाहेर नवराबायकोचं बोलणं चाललं होतं.

"हात चांगला आहे पोरीचा," आंत्ये म्हणाली. "पण मालकीण नाही ती. सगळं विचारून करते. काल म्हणते, आंत्येबाई, खिडकी उघडू का? खिडकी, डाउवे!"

"तू ओरडतेस म्हणून विचारते."

"मी कधी ओरडते?" आंत्ये ओरडली.

डाउवेच्या कपात चमचा फिरू लागला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती.

तेवढ्यात मोठ्या शहरातल्या कंपनीचा माणूस यायला लागला. फान लोन त्याचं नाव. त्याच्या कंपनीची अशी साठेक हॉस्पिटलं होती, सगळी निळी. माणूस वाईट नव्हता, बुटांना चिखल लागला तरी हसायचा. पण एकदा आत आला, माझ्याकडे बघितलं, खिशातून मोजपट्टी काढली आणि माझी लांबी-रुंदी घेतली. "इथे हात धुण्याच्या सूचनांचा तक्ता बसेल," असं स्वतःशीच पुटपुटला. हात मात्र न धुताच गेला. जागा आंत्येच्या नावावर होती, म्हणून सही तिचीच लागणार होती. ती म्हणाली, "माझा वाढदिवस होऊ दे, मग ठरवते."

तो वाढदिवस तीन ऑक्टोबरला. मी लटकलो त्या पहिल्याच दिवशी तिने डाउवेला बसवून लिहायला लावला होता, कारण स्वतःचं नाव स्वतः लिहिणं आमच्याकडे फुशारकी समजतात. डाउवेचं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं, पण तिला वाचता येतं.

आणि सप्टेंबरच्या शेवटी आंत्येच्या बहिणीचा पाय मोडला. बहीण राहते समोरच्या बेटावर. आंत्ये बोटीने गेली, मागून वादळ आलं, बोटी बंद पडल्या आणि ती तिकडेच अडकली.

ऑक्टोबरची पहिली तारीख उजाडली. मी सप्टेंबरवरच होतो.

डाउवे आला, बसला, सप्टेंबरची गाय पाहिली, गेला. मिंके आली, भाषण केलं, गेली. यॉरितसुद्धा येऊन गेला. पान कोणीच उलटलं नाही. पान आंत्येबाईंचं! दुसरी तारीखही अशीच गेली. कोणाचा वाढदिवस कधी हे लक्षात ठेवायचं काम या गावाने माझ्यावर टाकलेलं, त्यामुळे कोणाच्याही डोक्यात एकही तारीख नव्हती. मिंकेनेही पाठ केली होती ती नावं, तारखा नव्हेत. अडतीस वर्षांच्या नवऱ्याच्याही नव्हती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "अगं बये, उलट की! शेळी आहे, खाणार नाही तुला!" पण कागदाचं कोण ऐकतं?

तीन तारखेला सकाळच्या पहिल्या बोटीने आंत्ये परतली. हातात डबा होता. बहिणीच्या स्वयंपाकघरात स्वतः भाजलेला, वर गुलाबी साखर घातलेला केक. वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा. ती दारात उभी राहिली आणि वाट बघू लागली.

"आलात? बोट हलली का फार?" मिंकेने विचारलं.

"बहिणीचा पाय कसा आहे?" डाउवेने विचारलं.

"आहे," आंत्ये म्हणाली. तिने डबा फ्रिजमध्ये लशींच्या शेजारी ठेवला. दहा वाजता कॉफी झाली. केक विचारायची वेळ तीच. कोणी विचारला नाही. बाराला पाव-चीज झालं. दोन वाजता आंत्ये टेलिफोनवर कोणाला तरी म्हणाली, "कागद घेऊन या. आजच."

हे ऐकून माझी बाराही पानं गार पडली. माणूस चुकतो तेव्हा त्याला निदान पळता तरी येतं. मी खिळ्याला टांगलेला, आणि ज्या पोरीसाठी जीव तुटत होता तिचं सगळं माझ्याच न उलटलेल्या पानामुळे चाललं होतं.

तीन वाजता फान लोन आला, हातात फुलांचा हा एवढा गुच्छ. कंपनीकडे सगळ्यांच्या जन्मतारखा टिपलेल्या असतात.

"अभिनंदन बाई, वाढदिवसाबद्दल!" मग रीतीप्रमाणे एकेकाचा हात धरून तो सुटला. "अभिनंदन डॉक्टर, बायकोच्या वाढदिवसाबद्दल! अभिनंदन मिंकेबाई, आंत्येबाईंच्या वाढदिवसाबद्दल!" आजारी कोंबडी घेऊन बसलेल्या यॉरितचाही हात त्याने हलवला. "अभिनंदन, शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल!"

"कोणाच्या?" यॉरित म्हणाला.

 दुसऱ्या क्षणी माझं दार उघडलं, आंत्ये गुच्छासकट आत आली आणि कडी लावली. तिच्या पायांतून मेयरही शिरला. तिने नाक शिंकरलं. मग वर पाहिलं.

"सप्टेंबर?" ती म्हणाली.

बाहेरून दारावर थाप पडली. मिंके.

"आंत्येबाई, दार उघडा."

"माणूस आहे आत."

"माहितीये. मग असंच ऐका." आणि माझ्या मिंकेने रोज घोटलेलं भाषण सुरू केलं. "मला तुमच्याशी एका विषयावर... दोन मिनिटं..." आणि ते तिथेच सांडलं. "मला हे हॉस्पिटल हवंय! तुमचं हे गळकं, वाऱ्याने शिट्ट्या मारणारं हॉस्पिटल मला हवंय! बँकेचं मी बघेन. वाढदिवस विसरले, चूक झाली, हजारदा चूक झाली. पण त्या निळ्या लोकांना देऊ नका. यॉरितची कोंबडी कोण बघेल?"

"हां, ते आहे," यॉरितचा आवाज आला.

आंत्येने गुच्छ हात धुवायच्या भांड्यात टेकवला. मग म्हणाली, "सप्टेंबर का लटकतोय इथे?"

"तुम्ही नव्हता."

"म्हणून?"

"पान तुम्ही उलटता."

"आणि मी बेटावरच मेले असते तर? इथे कायमचा सप्टेंबर?"

बाहेर पावलं दाराशी आली. मग मिंके म्हणाली, "सरका. येतेय मी."

तिने विचारलं नाही! तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, पण मी सात वर्षं ऐकत होतो. कडी निघाली. जिथे एका माणसाचे गुडघे मावत नाहीत तिथे दोन बायका, एक गुच्छ आणि एक बोका. मिंकेने लांब हात पुढे केला, माझं पान धरलं आणि सात वर्षांच्या जोराने ओढलं.

फर्रर्र! सप्टेंबर गेला वर, आणि त्याच्यामागचा ऑक्टोबर वरपासून अर्ध्यापर्यंत फाटला. शेळीचं डोकं एकीकडे, धड एकीकडे. खरं सांगतो, दुखलं.

मिंके पांढरीफटक पडली. आंत्ये त्या फाटक्या पानाकडे बघत राहिली. तिच्या बापाच्या घरात तिच्या वस्तूला अजून कोणी हात लावला नव्हता, आणि लावला तो असा. मला वाटलं, आता ओरडेल. मिंकेलाही तेच वाटलं असणार. पण तिने मला खिळ्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांवर घेतलं.

"डॉक्टरांनी टेबल रिकामं करावं," ती बाहेर ओरडली. "बारीक सुई. मांजराच्या पापणीला वापरतो तो दोरा."

इतक्या वर्षांनी मी प्रथमच बाहेरचा उजेड पाहिला. वर मोठा दिवा, बाजूला डाउवे चिमटा धरून, पायाशी यॉरित कोंबडी काखेत घेऊन. मेयर फान लोनच्या कागदांवर जाऊन बसला. मिंकेने पहिला टाका घातला.

"घट्ट नको ओढूस," डाउवे म्हणाला. "कागद आहे."

"डॉक्टरांनी चिमटा धरावा आणि गप्प बसावं."

डाउवेने चिमटा सरळ धरला. त्याला ते आवडलेलं दिसलं.

फान लोन पेन काढून आंत्येजवळ आला. "बाई, तेवढी सही..."

"आज नाही जमायचं," आंत्ये म्हणाली. "पेशंट टेबलावर आहे."

"कुठला पेशंट?"

"ऑक्टोबर."

त्या बिचाऱ्याने पेन खिशात ठेवलं. मग त्याने मेयरला विनंती करून कागद परत मागितले. मिळाले नाहीत.

नऊ टाके पडले. शेळीची मान जराशी तिरकी बसली आहे, पण डोकं धडावर आहे. मिंकेने दोरा कापला. तेव्हा आंत्ये फ्रिजमधून डबा घेऊन आली, टेबलाच्या कडेला उभी राहिली आणि तिने घसा खाकरला.

"मिंके," ती म्हणाली, "केक आता कापू का?"

विंकवर्टमध्ये आंत्येने कोणाला विचारून काही केल्याची ही पहिली वेळ. मिंकेला ते लगेच कळलंच नाही. ती माझे टाके पुसत होती.

"आधी हात धुवा," ती म्हणाली, आणि मग तिला कळलं, आणि ती खुर्चीत बसली. फान लोननेही केक खाल्ला. दोन तुकडे खाल्ले.

नव्या वर्षात कागद झाले. दारावरच्या पाटीवर आता मिंकेचं नाव आहे, लहान अक्षरांत, कारण मोठी अक्षरं बघून यॉरितने भुवया वर केल्या असत्या. माझा खिळा वाकडा आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत, टाके कधीकधी हिवाळ्यात ओढतात. मिंके चांगली मालकीण आहे. महिन्याची पानं मात्र तिच्या लक्षात राहत नाहीत. मागच्या वर्षी जूनच्या दहा तारखेपर्यंत मे चालला होता.

माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. तुमच्याही घरी, दुकानात, कचेरीत एखादं पान असेल, जे कोणीतरी दुसरं उलटतं म्हणून तुम्ही सात-सात वर्षं नुसते बघत बसला असाल. उलटून टाका. फार तर फाटेल. शिवता येतं, मी पुरावा आहे.

आज पहिली तारीख आहे. मघाशी डाउवे आला होता. आता तो फक्त कॉफीला येतो, काठी टेकत. बसला, माझ्याकडे बघितलं, तारीख आठवली. हात वर केला. खाली घेतला. परत वर केला. मग दाराच्या फटीतून हाक मारली, "मिंके! पान उलटू का गं?"

ऑपरेशनच्या खोलीतून आवाज आला, "विचारताय कोणाला?"

डाउवेने काठी दाराला टेकवली. मग त्याने म्हाताऱ्या दोन बोटांनी माझी कड धरली आणि पान इतक्या हळू उलटलं की एक टाकासुद्धा ओढला नाही. एकतीस वर्षांत त्याच्या हातून पहिल्यांदा. बाहेर जाताना तो शीळ घालत होता.